बांबूच्या फ्लाय रॉडला कितव्या नंबरची लाईन लावायची?

बांबूच्या फ्लाय रॉडवर मुठीच्या जरा पुढे, वार्निशच्या थराखाली शाईने बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं. ‘7½ फूट, 2/2, #5’ असं असेल, तर रॉड साडेसात फुटांचा, दोन तुकड्यांत निघणारा, सोबत टोकाचे तुकडे दोन, आणि लाईन पाच नंबरची. नवीन माणूस हा आकडा वाचतो, पाच नंबरची लाईन मागवतो, ओढ्यावर जातो आणि रॉड हातात काठीसारखा ताठ वाटतो म्हणून हिरमुसतो. रॉडमध्ये दोष नसतो आणि लाईनमध्येही नसतो. तो ‘5’ लिहिताना कारागिराने एक अंतर गृहीत धरलेलं असतं, आणि ते अंतर कुठेच लिहिलेलं नसतं. लाईनची निवड त्या अंतरापासून सुरू करावी.

साध्या गळाला शिसं लावतो, ते शिसं दोरा ओढत लांब जातं. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसांची, लोकरीची माशी बांधलेली असते आणि तिला वजन जवळजवळ नसतंच. इथे वजन लाईनचं असतं. हवेत मागे-पुढे जाणाऱ्या लाईनच्या ओझ्याने रॉड वाकतो आणि सरळ होताना ती लाईन पुढे फेकतो. म्हणून लाईनचा नंबर म्हणजे तिची ताकद किंवा जाडी नव्हे, वजन. तेही सगळ्या लाईनचं नाही, पुढच्या पहिल्या 30 फुटांचं, म्हणजे सुमारे 9.15 मीटरचं. टोकाशी एकसारख्या जाडीचा छोटा भाग असतो, तो यात धरत नाहीत.

हे माप अमेरिकेतल्या मासेमारीच्या साहित्य-उत्पादकांच्या संघटनेने 1960 च्या सुमारास ठरवलं आणि आजही तेच चालतं. त्यात वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम. तीन नंबरच्या लाईनचे पहिले 30 फूट 100 ग्रेन, म्हणजे 6.5 ग्रॅम. चार नंबर 120 ग्रेन, 7.8 ग्रॅम. पाच नंबर 140 ग्रेन, 9.1 ग्रॅम. सहा नंबर 160 ग्रेन, 10.4 ग्रॅम. सात नंबर 185 ग्रेन, 12 ग्रॅम. बांबूच्या रॉडसाठी बहुतेक वेळा एवढेच आकडे पुरतात. पाच नंबरच्या लाईनला 134 ते 146 ग्रेनपर्यंत मुभा आहे, म्हणजे 8.7 ते 9.5 ग्रॅम, बाकीच्या नंबरांनाही अशीच थोडी मुभा आहे.

आता खरी गोष्ट. पाच नंबरच्या डबल टेपर, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या, लाईनचा मधला भाग एकसारख्या जाडीचा असतो आणि तिथे दर फुटाला साधारण एक तृतीयांश ग्रॅम वजन भरतं. रॉडच्या टोकाबाहेर 30 फूट लाईन असेल तर रॉडवर 9.1 ग्रॅम आले. 40 फूट असेल तर 12.5 ग्रॅम, म्हणजे सात नंबरच्या लाईनपेक्षाही थोडे जास्त. आणि फक्त 20 फूट असेल तर 5.7 ग्रॅम, म्हणजे तीन नंबरपेक्षाही कमी. लाईन तीच, रॉड तोच. चार-पाच फूट लाईन आत-बाहेर झाली की रॉडच्या दृष्टीने एक नंबर बदलतो.

मासा आपल्यापासून किती लांब आहे, यावरून हे फूट काढता येतात. लीडर, म्हणजे लाईनपुढचा पारदर्शक निमुळता दोरा, 9 फुटांचा धरा. पुढे धरलेला रॉड आणखी 7 फूट देतो. 40 फुटांवरच्या माशासाठी टोकाबाहेर लाईन लागते साधारण 24-25 फूट. 30 फुटांवरच्या माशासाठी फक्त 14. ठाण्या-नवी मुंबईतून जे हिमाचलात तीर्थनवर किंवा रोहडूजवळ पब्बरवर ट्राउटसाठी जातात (हंगाम मार्च ते ऑक्टोबर, मत्स्य विभागाचा परवाना घेऊन), त्यांची बरीचशी मासेमारी दगडांमागच्या शांत पाण्यात, अशा 30 ते 40 फुटांवर होते. तिथे ‘#5’ लिहिलेल्या रॉडवर पाचाची लाईन अर्धपोटी राहते. सहाची लाईन 25 फुटांवर सुमारे 8.5 ग्रॅम भरते, म्हणजे कारागिराने धरलेल्या 9.1 च्या अगदी जवळ. ‘बांबूला एक नंबर जड लावा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, त्यामागचं गणित हे आहे. पण तो सल्ला जवळच्या फेकीपुरताच खरा. रुंद नदीवर किंवा धरणाच्या पाण्यात टोकाबाहेर 40 फूट लाईन काढणार असाल तर त्याच रॉडला चार नंबर बरा. चाराची लाईन 40 फुटांवर 10.7 ग्रॅमच्या आसपास जाते आणि रॉडला तेवढं झेपतं.

फ्लाय किती मोठी आहे हेही पाहावं लागतं. 14 किंवा 16 नंबरच्या गळावरची (गळाचा नंबर मोठा तितका गळ लहान) छोटी कोरडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, फ्लाय तीन-चारची लाईन सहज पोचवते. 6 नंबरच्या गळावरचा पिसांचा झुपका हवेत अडतो. त्याला सहा-सात नंबर लागतो. मोठ्या महसीरसाठी मात्र सहसा आठ आणि त्यापुढच्या लाईन वापरतात. ते काम बांबूच्या नाजूक ट्राउट रॉडवर टाकू नये.

बांबूचं वेगळेपण

ग्रॅफाइटचा रॉड पोकळ आणि हलका. बांबूचा रॉड म्हणजे चीनमधल्या टोंकिन बांबूच्या सहा निमुळत्या त्रिकोणी पट्ट्या चिकटवून केलेला, बहुधा भरीव षटकोन. साडेसात फुटांचा पाच नंबरी बांबू रॉड शंभर-सव्वाशे ग्रॅम भरतो. हे स्वतःचं वजनही रॉड वाकवायला हातभार लावतं. म्हणूनच चांगला बांबू रॉड टोकाबाहेर 15-20 फूट लाईन असतानाच जागा होतो, जे ताठ ग्रॅफाइटला जमत नाही. उलट बाजूने, साडेआठ-नऊ फुटांच्या बांबूत हेच वजन मनगटाला जाणवायला लागतं. साधारणपणे सहा ते सात फुटांचे रॉड तीन-चार नंबरचे, साडेसातचे चार-पाचचे, आठ फुटांचे पाच-सहाचे आणि नऊ फुटांचे सहा-सातचे निघतात. हा अंदाज आहे, अपवाद भरपूर.

अपवाद का, ते जाडीत दडलंय. भरीव रॉडचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. एखाद्या जागी रॉड 5 मिलिमीटर जाड असेल आणि कारागिराचा रंधा तिथे 0.1 मिलिमीटर कमी चालला, तर जाडी 2 टक्क्यांनी वाढते पण ताठपणा 8 टक्क्यांनी. पाच आणि सहा नंबरच्या लाईनमध्ये वजनाचा फरक सुमारे 14 टक्के आहे. म्हणजे हा कागदाच्या जाडीएवढा फरक रॉडभर राहिला तर अर्धा नंबर सहज सरकतो. एकाच कारागिराचे, एकाच मॉडेलचे दोन रॉड म्हणूनच वेगळे वागतात. व्हर्नियर कॅलिपरने मापं घेणार असाल तर समोरासमोरच्या तिन्ही जोड्या मोजून सरासरी काढा आणि वार्निशसाठी 0.08 ते 0.1 मिलिमीटर वजा करा. वार्निश मापात येतं, ताठपणात येत नाही. ते वजा करायचं विसरलं तर रॉड कागदावर आहे त्यापेक्षा अर्धा नंबर जड दिसतो.

रॉडसोबत दोन टोकं असतील तर दोन्ही वेगवेगळी तपासा. बरेचदा एक टोक मुद्दाम बारीक केलेलं असतं. जुन्या रॉडचं टोक मोडून दोन-तीन इंच आखूड झालेलं असेल, तर सगळ्यात बारीक आणि लवचिक भागच गेलेला असतो. असा रॉड ताठ होतो आणि त्याला सहसा एक नंबर जड लाईन लागते. दुसरं टोक लांबीने पूर्ण असेल तर तुलना करून हे लगेच कळतं.

जुन्या रॉडवर आकड्याऐवजी अक्षरं दिसतात: एचईएच, एचडीएच, एचसीएच. ही रेशमी लाईनच्या काळातली, जाडी सांगणारी पद्धत. एच म्हणजे 0.025 इंच आणि डी म्हणजे 0.045 इंच, एचडीएच म्हणजे दोन्ही टोकांना बारीक आणि मध्ये जाड. जोवर सगळ्या लाईन रेशमाच्या होत्या तोवर जाडीवरून वजन कळायचं. नायलॉन आलं, ते रेशमापेक्षा हलकं, आणि त्याच जाडीची लाईन कमी वजनाची निघायला लागली. त्या गोंधळातूनच वजनाची पद्धत आली. आजच्या हिशेबात एचईएच म्हणजे चार-पाच, एचडीएच म्हणजे पाच-सहा, एचसीएच म्हणजे सहा-सात. एक नंबरची अनिश्चितता राहतेच, त्यामुळे अशा रॉडची चाचणी टाळता येत नाही. आणि रॉडच्या पिशवीवर ‘4 औंस’ लिहिलं असेल तर ते रॉडचं स्वतःचं वजन. त्याला लाईनचा नंबर समजून चार नंबर मागवणारे बरेच असतात.

काट्यावर आणि मैदानावर

लाईन आपल्याकडे बहुतेक वेळा बाहेरून मागवावी लागते, कस्टम भरावं लागतं, आणि परत करणं जवळपास अशक्य. म्हणून मागवण्याआधी कुणाकडून तरी पाच नंबरची डबल टेपर लाईन एका सकाळसाठी घ्या. एवढ्या एका लाईनवर कुठल्याही बांबू रॉडचा नंबर काढता येतो.

आधी लाईनचं वजन. सराफाकडे असतो तसा, 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा पुरतो. जमिनीवर टेप पसरून लाईनचे पहिले 30 फूट मोजा. लाईन ताणू नका, नुसती सरळ करा. तिथे बारीक टिकणाऱ्या मार्करने खूण करा, मग 20, 25, 35 आणि 40 फुटांवर. 30 फुटांची गुंडाळी काट्याच्या ताटलीत बसेल एवढी लहान करून ठेवा. उरलेली लाईन काट्याच्या उंचीएवढ्या पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा, नाहीतर ती लोंबकळून ताटलीतली लाईन ओढते आणि आकडा चुकतो. पंखा बंद करा. गुंडाळी हलली तरी शेवटचे आकडे नाचतात. आकडा 9.1 च्या आसपास आला तर खोक्यावरचा पाच खरा.

खरा नसण्याची शक्यता बरीच आहे. ताठ ग्रॅफाइट रॉड लवकर वाकावेत म्हणून आजच्या कितीतरी वेट फॉरवर्ड लाईन (जड भाग पुढे, मागे बारीक दोरी) मुद्दाम जड करतात. रिओ कंपनीच्या ग्रँडसारखी लाईन तर नंबरापेक्षा अख्ख्या एका नंबराने जड येते. खोक्यावर पाच, काट्यावर सहा. अशी लाईन बांबूला ‘एक नंबर जड’ म्हणून सहा मागवलीत, तर प्रत्यक्षात रॉडवर सात पडतात. बांबूसाठी मापात नेमकी असलेली लाईनच घ्यावी.

मग मैदान. मागे-पुढे किमान 60-60 फूट मोकळी जागा हवी. खारघरच्या सेंट्रल पार्कचं गवत सकाळी सहा-साडेसहाला यासाठी उत्तम. उपवन किंवा मासुंदा तलावाच्या काठावर हे करू नका. मागून चालणाऱ्या माणसाला परत येणारी लाईन दिसत नाही. फ्लायऐवजी लीडरच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधा. काँक्रीटवर किंवा पेव्हर ब्लॉकवर लाईन ओढू नका, तिचं आवरण खरवडून निघतं.

15 फूट लाईन बाहेर ठेवून सुरुवात करा. मागे-पुढे चार-पाच फेऱ्या, मग तीन फूट सोडा, पुन्हा फेऱ्या. एखाद्या लांबीवर असं होतं की हाताने जोर लावायची गरज उरत नाही: थांबलं की रॉड स्वतः सरळ होतो आणि लाईनचा वळसा अरुंद, टोकदार होऊन पुढे उलगडतो. ती लांबी खुणेवरून वाचा. समजा ती 33 फूट आली. 30 फुटांचे 9.1 अधिक तीन फुटांचा एक ग्रॅम, म्हणजे 10.1. हा रॉड खरा सहा नंबरचा, मग त्यावर काहीही लिहिलेलं असो. 26 फुटांवरच रॉड खुलला तर 7.8 ग्रॅम, म्हणजे चार. हा आकडा मिळाला की आपल्या नेहमीच्या पाण्यावर टोकाबाहेर किती फूट असतात ते धरा आणि वर सांगितल्याप्रमाणे नंबर वर-खाली करा. चाचणीसाठी वेट फॉरवर्ड लाईन वापरू नका: तिचा जड भाग बहुधा 35-40 फुटांत संपतो आणि पुढे बारीक दोरी येते, त्यामुळे फुटांचा हिशेब तिथे मोडतो.

कुणाला तरी बाजूने उभं करून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये टिपायला सांगा. डोळ्यांना जे निसटतं ते त्यात स्पष्ट दिसतं. लाईन जड होत असेल तर रॉड मुठीपर्यंत वाकतो, थांबल्यावर टोक खाली डुबकी मारून दोन-तीनदा थरथरतं, त्या थरथरीच्या लाटा लाईनमध्ये उतरतात आणि वळसा रुंद होत जातो. लाईन हलकी असेल तर फक्त वरचा तिसरा हिस्सा वाकतो. मग माणूस नकळत झटका देतो, टोक सरळ रेषेत चालण्याऐवजी मध्येच खाली दबतं, वळशाचा वरचा पदर खालच्या पदराला छेदतो आणि लीडरमध्ये बारीक गाठी पडतात. या गाठी वाऱ्यावर ढकलल्या जातात, पण त्यांचं कारण हात असतो, आणि हाताला तसं करायला लावणारी बरेचदा हलकी लाईन असते.

जड लाईनची एक मर्यादा पाळायलाच हवी. खऱ्या नंबरापेक्षा दोन नंबर वर जाऊ नका आणि पाण्यावर पसरलेली 40 फूट लाईन एका झटक्यात उचलू नका. पाणी लाईनला धरून ठेवतं, त्यामुळे उचलताना रॉडवर येणारा भार हवेतल्या भारापेक्षा बराच जास्त असतो. बांबू बहुधा धातूच्या जोडाला लागून मोडतो, आणि मोडला नाही तरी कायमचा बाक धरतो. आधी लाईन हाताने आत ओढा, 20-25 फूट राहिली की उचला.

लाईनचा प्रकार निवडताना बांबूला डबल टेपर हे माझं ठाम मत. टोकाबाहेरच्या 30 फुटांत डबल टेपर आणि वेट फॉरवर्ड यांच्यात फेकताना फारसा फरक पडत नाही. मात्र झाडीखाली मागे जागा नसते तेव्हा लाईन पाण्यावरूनच लोळवत फेकावी लागते, आणि मधला भाग सलग जड असल्याने डबल टेपर तिथे हुकमी काम करते. पुढचं टोक झिजलं की लाईन उलटी करून रिळावर चढवा, दुसरं टोक कोरं असतं. 90 फुटांची लाईन मधोमध कापून दोघांनी वाटून घेतली तरी चालते; 45 फूट आणि मागे बॅकिंग, म्हणजे रिळावरचा साधा जोडदोरा, एवढ्यात ओढ्यावरची सगळी मासेमारी होते आणि रीळही हलकं राहतं. वाशीच्या खाडीकाठी दुपारनंतर सुटतो तसा वारा असेल तर जड लाईन हा उपाय नव्हे, कारण ती जाडही असते. तिथे रेशमी लाईन सरस, त्याच वजनाला बारीक. पण तिला वापरण्याआधी चरबी लावावी लागते आणि दर वेळी रिळावरून काढून वाळवावी लागते.

आपल्याकडे पावसाळ्यात हे वाळवणं फार जपून करावं लागतं. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या हवेत रेशमी लाईन रिळावरच ठेवली तर तिला बुरशी येते आणि ती चिकट होते. बांबूचंही तेच. वार्निशमधून दमटपणा हळूहळू आत जातो, काडी मऊ पडते, आणि मार्चमध्ये पाच नंबरवर खुललेला रॉड ऑगस्टमध्ये थोड्या हलक्या लाईनवरच खुलतो. म्हणून चाचणी कोरड्या महिन्यांत करा, शक्यतो डिसेंबर ते मार्च. रॉड ओला असताना नळीत घालू नका: पुसा, पंख्याखाली एक दिवस ठेवा, मग सुती पिशवीत आणि मग ॲल्युमिनियमच्या नळीत, तळाशी सिलिका जेलच्या पुड्यांसह. उन्हात उभ्या गाडीत नळी ठेवू नका. जुन्या रॉडमध्ये प्राणिज सरस असतो, त्याला उष्णता आणि ओल दोन्ही सोसत नाहीत. पट्ट्या सुटल्या की रॉड मऊ लागतो आणि माणूस हलकी लाईन शोधत बसतो. रॉड अचानक एका नंबराने मऊ झाला असं वाटलं, तर नवी लाईन मागवण्याआधी प्रत्येक सांध्यावरून नख फिरवा आणि काडी हलकेच पिळून कानाशी धरा. कर्र असा आवाज आला तर पट्ट्या सुटल्या आहेत, आणि तो रॉड आधी दुरुस्त करणाऱ्याकडे जायला हवा.